साळिंदर काटे फेकतं का? गेममधल्या व्हिलनसाठी सल्ला पाहिजे

पिक्सेल_पैलवान
नमस्कार मंडळी. आम्ही तिघं मित्र गेलं दीड वर्ष दर रविवारी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका खोलीत बसून एक गेम बनवतोय. फॅनगेम म्हणा, म्हणजे लहानपणी टीव्हीला जोडून जो मारिओ खेळलो त्याच्या प्रेमापोटी, पैसे बिसे काही मिळवायचे नाहीत. गोडो इंजिनमध्ये चाललंय, फुकट मिळतं म्हणून. हिरो आपला पैलवान, लंगोट आणि फेटा. पहिली लेव्हल रंकाळा, दुसरी पन्हाळ्यावरची अंधारबाव, तिसरी उसाचा फड, मग दाजीपूरचं जंगल आणि शेवटी कुस्त्यांचं खासबाग मैदान.

घोळ झालाय तिसऱ्या लेव्हलला. १९८५ च्या ओरिजिनल मारिओत स्पायनी नावाचा एक काटेरी गडी असतो, कासवाच्या जातीतला, त्याच्यावर उडी मारली की आपणच मरतो. आता उसात कासव कुठनं आणायचं म्हणून त्याच्या जागी आम्ही साळिंदर टाकलं. ३२ बाय ३२ पिक्सेलचं, चालायच्या चार फ्रेम, आणि दर दोन सेकंदानं पाठीवरनं पाच काटे पंख्यासारखे उडवतंय. दिसायला लई भारी. माझ्या भाच्यानं आणि त्याच्या गँगनं खेळून बघितलं, मनसोक्त शिव्या घातल्या, म्हणजे व्हिलन जमला असं मी समजलो.

पण आमच्यातला एकजण राधानगरीकडचा. तो म्हणतोय साळिंदर काटे फेकतच नाही, असलं दाखवलं तर मला गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. गेल्या रविवारी यावर दोन तास भांडण, चहा दोनदा गार. तर विचारायचं एवढंच की काटे फेकू द्यावेत का नाही. आणि जाता जाता नाव पण सुचवा, सध्या फाईलमध्ये नुसतं 'शत्रू_०७' आहे.

मिसळ_विदाऊट_पाव
फेकू दे की मर्दा. पैलवान ढगावर उभा राहतोय, डोक्यानं विटा फोडतोय, ते सगळं चालतंय आणि साळिंदरानं दोन काटे मारले की लगेच जीवशास्त्र आठवलं व्हय?

गोगलगाय_एक्सप्रेस
लिंक द्या की गेमची.

उसातला_कोल्हा
तुझा राधानगरीचा मित्र बरोबर बोलतोय. आमचं शेत भुदरगडात, डोंगराच्या कडेला. लाईटचा रात्रीचा आठवडा असला की बारा एक वाजता मोटर चालू करायला जावं लागतंय. असंच एकदा मी आणि आमचा वाघ्या पाणी पाजायला गेलो तर भुईमुगात कायतरी उकरतंय असा आवाज. बॅटरी मारली तर साळिंदर. तसं मध्यम कुत्र्याएवढंच पण पिसारा फुलवला की दुप्पट. पळालं ते, वाघ्या मागं, आणि पळता पळता ते गच्चकन थांबलं, थांबलं म्हणजे उलटं दोन पावलं मागंच आलं आणि वाघ्या होता त्या वेगात जाऊन त्याच्या बुडाला भिडला. केकाटत परत आला तर नाकात दोन काटे, एक पुढच्या पायात. डॉक्टरनी चिमट्यानं काढले. त्यानंतर वाघ्या भुईमुगाकडं फिरकला नाही, दिवसासुद्धा.

गंमत पुढं आहे. आमचा चुलता लांब बांधावर उभा होता, तो सकाळी गावभर सांगत सुटला की साळिंदरानं बाण मारले. आता अंधारात लांबनं तसंच दिसणार की. काटे त्याच्या अंगात ढिले बसलेले असतात, टोचले की निघतात आणि समोरच्याच्या अंगात राहतात. फेकायबिकायचं काही नाही. पण चुलत्याला हे आजपर्यंत पटलेलं नाही.

तांबडा_पांढरा
वाघ्याला आमचा नमस्कार सांगा.

गोगलगाय_एक्सप्रेस
पण तो दुसऱ्या गेममधला निळा सॉनिक पण साळिंदरच ना? तो काटे फेकत नाही, गोल होऊन पळतो. तसं करा.

प्राणीवाली_मॅडम
सॉनिक साळिंदर नाही हो. १९९१ साली आला तेव्हापासून हेजहॉग आहे, नावातच आहे त्याच्या. (कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, राहवत नाही, सांभाळून घ्या.) साळिंदर उंदीर-खारींच्या गटातलं, कुरतडणारं जनावर, पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. हेजहॉग मुख्यतः किडेमकोडे खाणारा, त्याची जवळची भावकी म्हणजे चिचुंद्र्या. दोघांच्या अंगावर काटे आले ते आपापले, नात्यानं आलेले नाहीत. आणि सॉनिकच्या गेममधला तो लाल नकल्स आहे ना, तो तिसराच, एकिडना. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीत असतो, सस्तन असून अंडी घालतो. काटा मात्र तिघांचाही म्हणजे जाड झालेला केस, आपल्या नखात असतं तेच केरॅटिन.

हेजहॉग स्वतःला गुंडाळून चेंडू करतो. आपलं साळिंदर करत नाही. ते आधी शेपटीवरचे पोकळ काटे वाजवतं, पाय आपटतं, गुरगुरतं, म्हणजे जा बाबा तुझ्या वाटेनं असं चक्क सांगतं. तरी समोरचा हटला नाही तर पाठ करून उलटं नाहीतर तिरकं अंगावर येतं. तोंडावर आणि पोटाखाली तसले काटे नसतात म्हणून पाठ. वाघ-बिबट्यालासुद्धा हे महागात पडतं, काटा पंजात नाहीतर जबड्यात रुतून राहिला की जखम चिघळते आणि मग शिकारच जमत नाही.

पिक्सेल_पैलवान
मॅडम, धन्यवाद. आता एक कबुली देतो. आमचं साळिंदर काटे संपले की गोल होऊन गडगडत पण येतं. मी रात्री एकटा बसून घातलंय ते, पार्टनरला अजून माहीत नाही. कळू देऊ नका.

दाजीपूरचा_गवा
कळलं. रविवारी बघतो तुला.

मिसळ_विदाऊट_पाव
हाहाहाहा मेला पैलवान

बे_एरियातला_बावडेकर
कसबा बावड्याचा, सध्या अमेरिकेत. इकडचं पॉर्क्युपाइन वेगळंच प्रकरण आहे, झाडावर चढतं, आणि काट्याच्या टोकाला बारीक उलटे आकडे असतात त्यामुळं घुसला की आत आत जातो. एका जनावरावर तीस हजारांच्या आसपास काटे म्हणतात. पण फेकत हे पण नाही. आणि इकडं पण लोकांना वाटतंच की फेकतं, म्हणजे कोल्ह्याचा चुलता सगळ्या देशात आहे.

कॅसेट_फुंकणारा
शाळेत असताना शिवाजी पेठेत आमच्या गल्लीत एकाच्या घरी तासावर टीव्ही गेम मिळायचा. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकायची, परत घालायची, आणि तरी चालली नाही तर मालकाचा पोरगा फुंकायचा, त्याच्या फुंकेला जास्त मान होता. तिथं मारिओत ४-१ ला, म्हणजे चौथ्या जगाच्या पहिल्या लेव्हलला, पहिल्यांदा ढगात बसलेला तो लाकिटू वरनं स्पायनी टाकायला लागला आणि माझे तीन जीव दोन मिनिटांत गेले. का गेले? कारण तोपर्यंत त्या गेमनं माझ्या अंगठ्याला एकच गोष्ट शिकवलेली, समोर काय दिसलं की त्याच्या डोक्यावर पडायचं. स्पायनी आला तो ती खोड मोडायला. त्याला दुसरं काही येत नाही, नुसता चालतो बिचारा, आणि तरी लोकांच्या लक्षात आहे.

आता तुझ्याकडं बघू. पाच काटे उडवणारं साळिंदर म्हणजे काय, तर चार पायांची तोफ. तोफा सगळ्या गेममध्ये असतात. त्याच्या जागी तोफच ठेवली तर खेळणाऱ्याला काही फरक पडणार आहे का? नाही ना? मग ते साळिंदर नाहीच. मला जीवशास्त्राचं काही पडलेलं नाही, मी मिसळच्याच बाजूचा, पण मॅडमनी जे सांगितलं ना, वाजवतं, पाठ करतं, उलटं येतं, ते तुझ्या पाच काट्यांपेक्षा खेळायला भारी आहे.

अवांतर: त्या जुन्या मशिनवर एका आडव्या ओळीत आठपेक्षा जास्त स्प्राइट (म्हणजे हलणारी छोटी चित्रं) आले की बाकीचे दिसायचेच नाहीत, म्हणून चित्र लुकलुकायचं. तुझी दोन साळिंदरं एकदम काटे फेकायला लागली असती तर पैलवानाचा फेटाच गायब झाला असता.

कोडवाला_करवीर
कॅसेटरावांना +१. मी तर थेट असं लिहीन: आधी चरत असतं, पैलवान जवळ आला की थांबून काटे फुलवतं आणि वाजवतं, समज पाऊण सेकंद, मग पाठ फिरवतं, मग उलटी धाव, आणि धाव संपली की थोडा दम खातं. तोंड आता पलीकडच्या बाजूला गेलं. म्हणजे त्याला धरायचं तर त्याच्यावरनं उडी मारून पलीकडं जायला पाहिजे. त्याच्या 'वर' नाही, त्याच्या 'वरनं'. एवढासा फरक आहे पण अंगठा दहादा चुकतोय बघ. पलीकडं उतरला की समोरनं धरून धोबीपछाड.

पाऊण सेकंद जास्त वाटला तर कमी कर पण वाजवणं काढू नकोस. न सांगता मारणारा शत्रू म्हणजे फसवणूक, सांगून मारणारा म्हणजे मजा.

मिसळ_विदाऊट_पाव
नाही पटलं. उलटं पळणारा व्हिलन बघून पोरं हसतील. गाढव लाथा झाडतंय असं वाटेल. भीती वाटली पाहिजे का नको?

उसातला_कोल्हा
हसतील? मिसळराव, एकदा या आमच्याकडं अमावास्येला. उसाच्या सरीतनं एकटं चाललोय, पाचट पायाखाली कुरकुरतंय, पुढं दोन हाताच्या पलीकडं काय दिसत नाही आणि उजव्या बाजूनं खुळ्ळ खुळ्ळ खुळ्ळ. वाळक्या शेंगा कोणीतरी हलवतंय असा आवाज. मग थांबतो. मग परत, जरा जवळनं. माझी तर चप्पल तिथंच राहिली होती, दुसऱ्या दिवशी आणली.

पैलवान, तुझी लेव्हल दिवसाची आहे का? असली तर रात्रीची कर. आधी नुसता आवाज दे, साळिंदर दाखवूच नको.

तांबडा_पांढरा
मी वेगळाच विषय काढतो. पॉवरअप काय आहेत? तांबडा रस्सा पिला की तोंडातनं जाळ, पांढरा पिला की एक जीव वाढला पाहिजे. नसेल तर हा गेम कोल्हापूरचा नाही.

मिसळ_विदाऊट_पाव
आणि मिसळीला काय? मिसळ नसलेला गेम मी डाउनलोड करणार नाही.

बे_एरियातला_बावडेकर
साळिंदराचा रस्सा पण करायचे म्हणे पूर्वी, आमच्या आजोबांच्या

संपादक
बावडेकर, तुमचा प्रतिसाद अर्ध्यात कापला आहे. शिकारीचे आणि रश्शाचे किस्से इथं नकोत, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा साळिंदरालाही लागू आहे. तांबडा-पांढऱ्यावर चर्चा चालू ठेवा, त्याला हरकत नाही.

आज्जीची_नात
कोणी सांगितलं नाही म्हणून मी सांगते. आमच्या देवघराच्या कपाटात साळूचा एक काटा होता, काळा, त्यावर पांढरे पट्टे. आज्जीला विचारलं तर म्हणाली, "तुझ्या आईच्या अठांगुळ्याला काढल्याला, मी सोता बघितलोय." सीमंतोन्नयनाला, म्हणजे गरोदरपणातल्या संस्काराला, नवरा साळूच्या काट्यानं बायकोचा भांग पाडतो, त्याला तीन ठिकाणी पांढरं असलेला काटा लागतो असं जुन्या विधींत आहे. आता अर्थातच कोणी असले काटे मिळवायच्या भानगडीत पडू नये, संपादकांनी कायदा सांगितलाच आहे.

आणि संस्कृतात साळिंदराला एक नाव आहे, श्वाविध. श्वा म्हणजे कुत्रा, त्याला भोसकणारा. वाघ्याची गोष्ट वाचताना हेच आठवलं. म्हणजे हजारो वर्षांपूर्वी पण कोणाचातरी वाघ्या असाच केकाटत परत आला असणार, आणि बघा, नाव 'टोचणारा' ठेवलं, 'फेकणारा' नाही.

उसातला_कोल्हा
आज्जींना दंडवत. चुलत्याला ही ओळ वाचून दाखवतो.

लफडं_नको_रे_बाबा
बाकी सगळं छान पण गेम मारिओवरनं आहे तर नाव-चित्र-संगीत सगळं स्वतःचं आहे ना याची खात्री करा. २०१६ च्या ऑगस्टमध्ये एकानं मेट्रॉइड २ या जुन्या गेमचा फॅन रिमेक काढला, वर्षानुवर्षं खपून, आणि मारिओवाल्या निन्टेंडो कंपनीच्या नोटिशीमुळं थोड्याच दिवसांत डाउनलोडच्या लिंका खाली उतरवायला लागल्या. फुकट वाटत होता तरी. उलट सॉनिकवाल्या सेगानं फॅन लोकांनाच हाताशी धरलं आणि २०१७ ला सॉनिक मेनिया त्यांच्याकडनंच करून घेतला. पण प्रत्येकाचं नशीब तसं नसतं.

पिक्सेल_पैलवान
चित्रं सगळी आमची, संगीतात हलगी आहे, ती पण आमच्याच एका मित्रानं वाजवलेली. स्पायनी हा शब्द गेममध्ये कुठंच नाही. तांबडा-पांढरा दोन्ही आहेत. मिसळ नव्हती, घालतो.

गोगलगाय_एक्सप्रेस
लिंक?

रानवाटा
मला एक खुपतंय. सगळेजण साळिंदराला व्हिलन धरूनच चाललाय. ते बिचारं स्वतःहून कोणाच्या अंगावर जात नाही, मुळं आणि कंद उकरून खातं, दिवसभर बिळात झोपतं. जंगलाच्या कडेपर्यंत शेतं आपण नेली आणि वर त्यालाच शत्रू म्हणून धोबीपछाड? गव्यांसाठी दाजीपूरला १९५८ साली अभयारण्य केलं आपल्याच जिल्ह्यानं, आणि आता गेममध्ये हे.

उसातला_कोल्हा
रानवाटा ताई/दादा, मागच्या वर्षी माझ्या रताळ्याच्या चार सऱ्या साफ केल्या या बिचाऱ्यानं. ऊस बुडख्यात कुरतडतंय, आख्खा खात पण नाही, दोन घास घेतो आणि पुढचा धरतो. जंगलाच्या कडेला शेत मी नेलं नाही, माझ्या पणज्याचं आहे. घरात बसून प्राणी गोड वाटतात.

रानवाटा
मी घरात बसून बोलत नाही, आजऱ्याची आहे, आमचंही शेत आहे. नुकसान होतं हे मान्य. पण तुम्हीच वर लिहिलंय की ते आधी पळालं, वाघ्या मागं लागला.

उसातला_कोल्हा
हां, ते खरं हाय. इतक्या वर्षांत माझ्या अंगावर म्हणून कधी आलं नाही. माझ्या रताळ्यांच्या अंगावर आलं.

कोडवाला_करवीर
थांबा थांबा, हे तर अजून भारी आहे. शत्रूचं लक्ष पैलवानाकडं नसतंच! त्याला पलीकडचा भुईमूग पाहिजे, तो आपल्या वाटेनं चाललाय. तुम्ही गप उभं राहिलात तर शेजारनं निघून जाईल. घाई केली, आडवं गेलात, तरच खुळखुळ. मारलाच पाहिजे असं नाही.

मिसळ_विदाऊट_पाव
गप उभं राहून जिंकायचं? पैलवानानं? खासबागेत लोक चपला मारतील.

प्राणीवाली_मॅडम
आणखी एक, जमलं तर. साळिंदरं बऱ्याचदा जोडीनं राहतात. आणि हाडं कुरतडतात, खनिजं मिळतात आणि दात पण झिजतात. बिळाच्या तोंडाशी कुरतडलेली हाडं पडलेली दाखवलीत तर मिसळरावांना पाहिजे ती भीती आयती मिळेल, आणि खोटंही होणार नाही.

तांबडा_पांढरा
नावाचं राहिलंच की. एवढा काटा काटा चाललाय आणि कोणाला सुचत नाही म्हणजे कमाल आहे. काटाकिर्र. इषय संपला.

बे_एरियातला_बावडेकर
+१

आज्जीची_नात
+१. मी श्वाविध सुचवणार होते, पण काटाकिर्रपुढं नाही टिकत.

मिसळ_विदाऊट_पाव
हे मात्र नाद खुळा. पहिल्यांदा या धाग्यावर माझं कोणाशीतरी पटलं.

कॅसेट_फुंकणारा
साळिंदर वाजवायला लागलं की त्या आवाजातच 'किर्र' आणा. हलगीवाल्या मित्राला सांगा.

पिक्सेल_पैलवान
तीन रविवार गेले म्हणून उशीर झाला. काय काय केलं ते सांगतो.

काटे फेकणं काढलं. गडगडणं पण काढलं (गव्यानं माझ्यासमोर बसून डिलीट करायला लावलं). करवीरनं सांगितलेलं जवळपास जसंच्या तसं घातलं, फक्त पाऊण सेकंदाचा अर्धा केला. लेव्हल रात्रीची झाली, पैलवानाच्या हातात बॅटरी, उजेड दोन हातांपुरता. आवाजासाठी खरंच वाळक्या शेंगा डब्यात घालून हलवल्या आणि मागं हलगीवर नखानं किर्र.

भाच्याला बसवलं. पहिल्यांदा उलटं पळताना बघून तो हसला, मिसळराव बरोबर होते. दुसऱ्यांदा पण हसला. मग अकरा वेळा मेला. बाराव्या वेळेला आवाज आला तसा तो बटनावरनं अंगठा काढून गप बसला, आणि काटाकिर्र त्याच्या शेजारनं हळूहळू निघून गेलं. खोलीत सगळे गप. मग म्हणतोय, "मामा, गेलं का?" मारल्यावर जेवढे पॉइंट मिळतात तेवढेच जाऊ दिल्यावर पण ठेवलेत, रानवाटांसाठी आणि कोल्ह्यासाठी, दोघांना समान.

मला स्वतःला ते पाच काटे सोडवत नव्हते, खोटं कशाला बोलू, तीन रात्री घालवून काढले होते. मग कोल्ह्याचं वाक्य आठवलं, काटे ढिले असतात. तर आता धाव घेतली की दोन-तीन काटे मागं सरीत गळून पडतात आणि तिथंच राहतात. परत येताना पायात घुसतात. फेकत नाही, पण सांडतंय.

दाजीपूरचा_गवा
याला माझी मान्यता आहे.

उसातला_कोल्हा
चुलत्यानं व्हिडिओ बघितला. म्हणतोय, बघ, फेकलं की नाही.

पिक्सेल_पैलवान
😂 आता पुढची लेव्हल दाजीपूर, तिथं बॉस म्हणून गवा आहे. लाल लंगोट बघून चिडतो असं मी केलंय. आमचा गवा आत्ताच फोनवर विचारत होता की गव्याला लाल रंग दिसतो हे तुला कोणी सांगितलं. मॅडम, आहात का?

प्राणीवाली_मॅडम
आहे. वेगळा धागा काढा, लांबणार आहे.

गोगलगाय_एक्सप्रेस
लिंक?